दातांनी ऐकणारा मुकादम

दुपारी जेवून ओटीवर कलंडलो की डोळा लागायच्या आधी मुकादम येतो. दर वेळी तसाच. गुडघ्यांवर बसलेला, त्याच्या त्या अडीच हाती पहारेचं एक टोक कातळाच्या भेगेत, दुसरं दातांत, डोळे मिटलेले. मागे डोंगर, डोंगरावर धुकं. कुणी पावा वाजवायला घ्यावा आणि त्यातून सूरच निघू नये, असा तो दिसतो. मी हाक मारत नाही. तेव्हाही मारून उपयोग नव्हता. तो ठार बहिरा होता.

सुरुंगांनी त्याचे कान खाल्ले. "उजवा एका घाटात गेला, डावा दुसऱ्या घाटात," असं तो सांगायचा. छत्री कुठं विसरली ते सांगावं तसं. त्याचं दुःख त्याला नव्हतं. दातांची मात्र फार काळजी. पुढचे सहा दात उरले होते, तीन वर, तीन खाली, आणि ते त्यानं डोळ्यांत तेल घालून जपले होते. भाताच्या तुसाची राखुंडी करून दिवसातून तीनदा घासायचा. ऊस खायचा नाही, चणे खायचा नाही, सुपारी तर हातातही धरायचा नाही. कुणी आग्रह केला की म्हणायचा, "मेल्या, तू आपल्या कानानं सुपारी फोडतोस काय?"

कारण तो दातांनी ऐकायचा. हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या डोळ्यांदेखत सात वर्षं चाललं ते. दगडात पहार रोवायची, वरचं टोक दातांत धरायचं आणि श्वास रोखून बसायचं. आत दगड कुठं भरीव आहे, कुठं पोकळ आहे, पाणी कुठल्या अंगानं चाललंय, ते तो सांगायचा. शंभरात नव्वद वेळा बरोबर यायचं. दहा वेळा चुकलं की दगडाला शिव्या द्यायचा, स्वतःला नाही.

पालीच्या बाजारात एक चहाचं हॉटेल होतं. तिथं लाकडी पेटीचा जुना रेडिओ होता. मुकादम चहा सांगायचा आणि रेडिओच्या कोपऱ्याला दात लावून बातम्या ऐकत बसायचा. हॉटेलवाला वैतागायचा. "मुकादम, रेडिओ चावू नका हो, गिऱ्हाईक पळतंय!" मुकादमाला ते ऐकू जायचं नाही. वादळाचा इशारा, मासेमारीला बंदी, सगळं तो दातांनी ऐकून आम्हाला सांगायचा. क्रिकेट लागलं की उठायचा. म्हणायचा, लोक फार ओरडतात, दात शिवशिवतात.

बोलायचा मात्र मोठ्यानं. आपला आवाज केवढा लागतो ते त्याला कळायचं नाही. सत्यनारायणाला एकदा माझ्या कानाशी तोंड आणून कुजबुजला, "प्रसाद पातळ झालाय रे." भटजी पोथी वाचायचे थांबले. यजमानीण लाल झाली. मुकादमानं शांतपणे दुसऱ्यांदा द्रोण पुढे केला.

माझ्या बायकोला तो आवडायचा नाही. ती त्याला लोखंडखाया म्हणायची. पहिल्यांदा तो आमच्याकडे पेज प्यायला आला तेव्हा ती चुलीशी बसून पाठमोरी बोलली, "आले वाटतं तुमचे लोखंडखाये. सुकट संपलीय म्हणावं." पाठमोऱ्या माणसाचे ओठ कसे दिसणार? मुकादम हसत बसला होता. मग ती वळून तोंडावर म्हणाली, "सुकट संपलीय." तो म्हणाला, "खोटं. वास येतोय." तिनं मुकाट्यानं सुकटीची चटणी वाढली. त्या दिवसापासून त्याच्यासमोर ती थेट तोंडाकडे बघून बोलायची, आणि लोखंडखाया म्हणायची तेही थेट.

आम्ही दगडातली माणसं. मी बारा वर्षं चिरेखाणीवर जांभ्याचे चिरे काढले, मग मुकादमाच्या हाताखाली सुरुंगाच्या कामाला लागलो. विहिरी पाडायच्या, टाक्या खोदायच्या. तेव्हा पालीच्या अलीकडच्या एका वाडीचं काम निघालं होतं. वाडीतलं पाणी शिमग्याला आटायचं, पण डोंगराच्या पोटात झरा होता. उतारावरून आडवा बोगदा मारायचा, झऱ्यापर्यंत जायचं आणि पाणी नळीनं बाहेर काढायचं. कंत्राटदार रत्नागिरीचा होता, देखरेखीला एक तरुण इंजिनीयर होता. त्याला आम्ही साहेब म्हणायचो.

रोज सकाळी बोगद्याच्या तोंडाशी मुकादम पहार लावायचा आणि डोंगराला विचारायचा, "येऊ काय?" मग दात लावून ऐकत बसायचा. बहुतेक दिवशी उठून हात झाडायचा आणि म्हणायचा, "चला, बोलावतोय." कधी म्हणायचा, "आज नाय म्हणतोय." मग आम्ही झाडाखाली बिड्या ओढत बसायचो, साहेब घड्याळात बघत फेऱ्या मारायचा. डोंगर खरंच काही सांगायचा का, मला ठाऊक नाही. पण त्या उतारावर सकाळी धुकं उतरायचं, करवंदीच्या जाळ्या ओल्या असायच्या, आणि हा म्हातारा डोळे मिटून डोंगराचं म्हणणं ऐकत असायचा. तेव्हा ते खरं वाटायचं.

मुकादम बहिरा, म्हणून आमच्याकडे हाका मारायची रीत नव्हती. ठोके मारायची रीत होती. बोगद्याच्या भिंतीवर मार्तुलानं एक ठोका मारला तर काम थांबवा. दोन मारले तर माती ओढा. तीन मारले तर भोकात दारू भरली आहे, वात पेटवतोय, कुणी जवळ येऊ नका. बाहेर पहारेला दात लावून बसलेल्या मुकादमाला ठोका कळायचा आणि तो हात वर करायचा. दारू भरायचं काम माझं. तेव्हा तीन ठोके मारायचे तेही माझ्याच हातानं. सात वर्षं.

त्या दिवशी मुकादम कामावर नव्हता. खालचा एक दात आठवडाभर ठणकत होता, म्हणून तो रत्नागिरीला दाताच्या डॉक्टरकडे गेला होता. जाताना सांगून गेला, मी येईस्तोवर आत जाऊ नका. साहेब म्हणाला, एका दातासाठी काम बंद ठेवायचं काय? आम्ही आत गेलो. डोंगराला विचारलं नाही. विचारून तरी काय करणार? आमचे दात म्हणजे नुसते दात.

तिघं होतो. मी, गणू, आणि बुरोंडीचा इब्राहिमभाई. इब्राहिमभाई आधी जहाजावर खलाशी होता, मग आखाताला गेला, तिथून परत आला आणि माती ओढायला लागला. बोगद्याच्या टोकाला काळा दगड लागला होता. त्यात भोकं पाडून दारू भरायची होती. दारू अजून बाहेरच होती. आम्ही भोकं पाडत होतो आणि मागे मऊ आवाज झाला. ओल्या कपड्यांचं गाठोडं कुणी खाली टाकावं तसा. वळून बघतो तर मागचा बोगदा नव्हता. वर जांभ्याचं छप्पर शाबूत होतं, पण त्याखालची पांढरट, लोण्यासारखी माती बसली होती. कंदील विझला.

आतला काळ कसा गेला ते मला नीट सांगता येत नाही. अंधार एवढा होता की डोळे उघडे काय नि मिटलेले काय, सारखंच. गणूचा पाय दगडाखाली अडकला होता. तो आधी ओरडला, मग सगळ्यांच्या आयमायचा उद्धार केला, मग गप्प झाला. इब्राहिमभाई म्हणाला, "घाबरू नको बावा. जहाजाच्या तळात असंच असतं. फक्त तिथं उंदीर असतात."

"आयचा घो तुझ्या जहाजाच्या," गणू म्हणाला. त्यावर आम्ही तिघं हसलो. हसताना कळलं की पायाखाली पाणी येतंय. झरा फुटला होता. ज्या पाण्यासाठी आलो तेच आता हळूहळू वर चढत होतं.

जांभ्याला भोकं असतात. त्यातून थोडा वारा येत होता, म्हणून जीव होता. मी मार्तूल चाचपला आणि भिंतीवर मारायला लागलो. तीन ठोके. थांबायचं. परत तीन. का तीन, असं कुणी विचारेल. हाताला तेवढंच ठाऊक होतं. तीन मारल्यावर बाहेरचे काय समजतील, हे आमच्या तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

बाहेर काय झालं ते मला पुढं वाडीतल्यांनी सांगितलं. माणसं तोंडाकडून माती उपसायला लागली होती. एकानं भिंतीला कान लावला. तीन ठोके. "दारू भरलीय आत!" तो ओरडला. फावडी टाकून सगळी पळाली. साहेबानं सगळ्यांना दोनशे पावलं मागं घेतलं. तिथं उन्हात बसून सगळी वाट बघत राहिली की आता उडेल, मग उडेल. माझी बायको तोवर धावत आली होती. ती म्हणाली, "उडायचं असतं तर एव्हाना उडालं असतं." तिचं कोण ऐकतो? आम्ही जीव तोडून बोलावत होतो आणि ती माणसं आमचाच इशारा पाळून लांब बसली होती. चार तास.

चार वाजता एसटीनं मुकादम आला. गाल सुजलेला, तोंडात कापसाचा बोळा. डॉक्टरनं दात काढला होता आणि दोन दिवस काही चावू नका म्हणून बजावलं होतं. त्याच्यासमोर उभं राहून बायकोनं सगळं सांगितलं. तो ओठ बघत होता. मग कापूस थुंकला, पहार घेतली आणि उतारावर चढला. चार ठिकाणी पहार रोवली, चार ठिकाणी दात लावले. हिरडीतून रक्त येत होतं, पहारेवरून खाली ओघळत होतं. चौथ्या ठिकाणी तो थांबला, बराच वेळ.

उठला आणि साहेबाला म्हणाला, ओरडलाच, "दारू नाय!"

साहेब म्हणाला, "तीन ठोके आहेत ना?"

"दारू भरलेला माणूस तीन मारतो आणि पळतो. हा तीन मारतो, थांबतो, परत तीन मारतो. जो पळत नाय, त्याच्याकडे दारू नाय."

एवढं साधं होतं ते.

तोंडाकडून खणू नका, ती माती परत बसेल, असं त्यानं सांगितलं. वरून खणा. वर जांभा आहे. जांभा सरळ कापला की उभा राहतो. तीन पुरुष खोल जायचं. आसपासच्या चिरेखाणींवर निरोप गेले आणि चिरे काढणारी माणसं आपापले टिकाव घेऊन आली. चौघं खाली, दमले की दुसरे चौघं. घरासाठी चिरे काढतात तसेच चौकोनी चिरे काढत ती खाली निघाली. जांभ्याखालची मऊ माती लागल्यावर आधाराला फळ्या मिळेनात. वाडीतल्या चार घरांची दारं काढून आणली आणि भिंतींना लावली. साहेबाला हे पसंत नव्हतं. त्यानं मोठं मशीन मागवलं होतं, ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येणार होतं. मुकादम म्हणाला, मशीन डोंगरावर चढलं की त्याच्या वजनानं सगळं खाली बसेल.

आवाज ऐकत राहणं भाग होतं, कारण खणायचं कुठल्या अंगानं ते ठोक्यावर होतं. मुकादमाच्या हिरड्या फुटल्या होत्या, त्याला सारखं चावता येईना. त्यानं पहार माझ्या बायकोपुढे धरली. "चाव गो बाय. ऐक तुझ्या घोवाला."

ती म्हणाली, "मी लोखंड चावू?"

"नाय तर काय मी चावू? बघ माझं तोंड."

तिनं पदरानं पहारेचं टोक पुसलं आणि दात लावले. वाडीतल्या बायका सांगतात, तिचे डोळे एकदम मोठे झाले. मग ती रडायला लागली, पण दात सोडले नाहीत.

आत मला यातलं काही ठाऊक नव्हतं. पाणी कमरेला आलं, मग छातीला. थंडी गेली. पाणी कोमट लागायला लागलं. मला वाटलं, डोंगर हलतोय, डोंगर खाडीत उतरलाय आणि हळूहळू समुद्राकडे चाललाय, इब्राहिमभाई सुकाणूवर आहे. अंधारात माझी बायको तांदूळ निवडत बसली होती. सुपातला प्रत्येक दाणा दिसत होता. ती म्हणाली, पाण्यातून पाय काढा, सर्दी होईल. मी म्हटलं, काढतो. मार्तूल हातातून सुटला. तो पाण्यात पडल्याचा आवाजही मी ऐकला नाही. इब्राहिमभाईनं मला काखेत धरून ठेवलं, गणूचं डोकं दुसऱ्या हातानं. किती वेळ, ते त्यालाच ठाऊक.

मग वरून एक चिरा निघाला आणि उजेड आला. कोकमाच्या आगळासारखा लाल. दुसरा दिवस बुडत होता. दोरानं मला वर ओढलं. वर पहिला दिसला तो मुकादम. हनुवटीवर रक्त सुकलेलं, गाल भोपळ्याएवढा. त्यानं माझ्या थोबाडीत मारली.

"तीन? तीन मारतोस गाढवा? दोन मारायचे होते!"

मग मला धरून हसला. बायको लांब उभी होती. जवळ आली नाही. म्हणाली, "पेज ठेवलीय," आणि घराकडे चालायला लागली.

आठ दिवसांत मुकादमाला कामावरून काढलं. मशीनसाठी न थांबता साहेबाचा हुकूम मोडला म्हणून. तो म्हणाला, बरं झालं, या डोंगराचं पाणी तसंही मचूळ आहे. पहार खांद्यावर टाकून तो खेडकडे भाचीकडे राहायला गेला. गणू लंगडतो. इब्राहिमभाई परत समुद्रावर गेला. म्हणाला, बुडायचंच तर उघड्यावर बुडेन. बोगदा बुजवला. वाडीला पाणी टँकरनं येतं.

माझी बायको त्यावर कधी बोलली नाही. मीही विचारलं नाही. विचारायचं काय? आम्ही आमटीतल्या मिठावरून भांडलो, कौलं शाकारण्यावरून भांडलो, तिच्या भावावरून भांडलो. मी तोंडाचा फाटका, ती माझ्यापेक्षा फाटकी. आठ वर्षं गेली. गेल्या भातकापणीला ताप आला आणि पाच दिवसांत ती गेली. घर तेवढंच आहे, पण आता एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायला वेळ लागतो.

बाराव्याला मुकादम आला. एसटीनं, एकटा, काठी टेकत. तोंडात एकही दात उरला नव्हता. गाल आत गेले होते. ओटीवर बसला आणि म्हणाला, "आता मी पुरता बहिरा. दगडही बोलायचा बंद झाला."

पाव्हणे जेवत होते. त्यानं माझा हात धरला आणि हळू बोलायला म्हणून तोंड माझ्या कानाशी आणलं. पंगतीतल्या सगळ्यांचे घास हातात राहिले.

"तिनं मला शपथ घातली होती, तुला सांगू नको म्हणून. आता ती नाय, म्हणून सांगतो. दुसऱ्या दिवशी दुपारी तुझा ठोका बंद झाला."

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो.

"पहार तिच्या दातांत होती. तिचं तोंड बघून मला कळलं. मी जाऊन दात लावले. काय नाय. नुसतं पाणी. तेवढ्यात साहेब आला. म्हणाला, आवाज आहे काय? आवाज नसला तर खालची चार माणसं वर घ्या, मशीन येऊ दे. त्याचं चूक नव्हतं. भिंत पाझरत होती. दारं फुगली होती. भिंत बसली असती तर ते चौघं गेले असते."

"मग?" मी विचारलं.

"ती म्हणाली, आहे आवाज. परत पहारेला दात लावले आणि हात वर करून बोटं दाखवायला लागली. एक, दोन, तीन. थांबायची. परत एक, दोन, तीन. तू मारायचास तसंच, तेवढंच थांबून. खालचे चौघं तिच्या बोटांकडे बघून घाव घालत होते. साहेबानं मला विचारलं, खरं काय? मी मान हलवली."

त्यानं ओठ पुसले.

"चार माणसं डावाला लावली आम्ही दोघांनी. तू जिवंत आहेस की नाय, तिला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. मी दोनदा तिला खुणेनं म्हटलं, पुरे. तिनं माझ्याकडे बघितलंही नाय."

मी त्याच्यासमोर तोंड नेलं. "किती वेळ?"

त्यानं अंगणाकडे बघितलं. ऊन उतरत आलं होतं.

"तिन्हीसांजेपर्यंत."

तो उठला, वाढलेला भात कालवून मऊ करून खाल्ला आणि शेवटची एसटी धरायला गेला. पाव्हणे गेले. मी ओटीवर बसून राहिलो.

तिन्हीसांजेपर्यंत ती माझ्यासाठी मोजत होती. आणि आत मी झोपलो होतो.